काशीला सोडलेला बांगडा

माझी आई काशीला गेली आणि बांगडा सोडून आली.

बांगडा म्हणजे मासा. काशीला गेलं की खाण्यातली एखादी वस्तू गंगेच्या काठी सोडून यायची आणि पुन्हा जन्मात तिला तोंड लावायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. आमच्या एका मावशीनं ऐन तारुण्यात हापूस आंबा सोडला. तेव्हापासून दरवर्षी एप्रिल-मेमध्ये ती कुणाशी धड बोलत नाही. शहाणी माणसं दोडका सोडतात. देवाकडे नोंद होते आणि घरात कुणाचं काही अडत नाही.

माझी आई, रंगूबाई, मखमलाबादच्या आमच्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू घेऊन तीस वर्षं फूलबाजारात बसली. पहिल्याच भावात तिनं कुणाला माल दिलेला मला आठवत नाही. अशी बाई देवाला सहजासहजी काय देणार? दोडका तिला आवडतो. गवार आवडते. कारलंसुद्धा आवडतं. गाडीत बसल्यापासून तिनं हाच एक विचार चालवला होता की सोडायचं तरी काय.

तिच्या सोबत यात्रेला आमचे शेजारी पुंजाराम अण्णा आणि त्यांच्या मीनाताई होत्या. अण्णा वीज खात्यातून निवृत्त झालेत. नोकरीत एकदा दोन वर्षं रत्नागिरीला बदली झाली होती, त्या जोरावर समुद्र हा ते आपला खाजगी विषय समजतात. त्यांनी गाडीत माशांची नावं म्हणायला सुरुवात केली. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा. आईचा जन्म धरणाच्या रोहू-कटल्यावर आणि बाजारच्या सुक्या बोंबलावर गेलेला. तिनं विचारलं, "बांगडा कसा आसतो?"

"फार वास मारतो," अण्णा म्हणाले.

"बेस हाय," आई म्हणाली, आणि निवांत झोपली.

घाटावरच्या पंड्याला बांगडा म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानं "छोड़ दिया?" विचारलं, हिनं "छोड दिया" म्हटलं, दक्षिणा दिली, व्यवहार पुरा झाला. अण्णांनी स्वतः राग सोडला. त्या दिवसापासून ते जे काही बोलतात ते अतिशय शांतपणे बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांनी सोडलेला राग तिथं कुणी उचलला नसावा, तो आमच्याच मजल्यावर परत आला असावा.

आता रविवारचं सांगतो. यात माझी काहीही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात यावर दुमत आहे.

आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. तिथं राखी नावाची बाई मासे विकायला बसते. समुद्राचे मासे बर्फात घालून गाडीनं घाट चढून येतात, त्यामुळे नाशिकला पोचेपर्यंत सगळ्यांचे चेहरे सारखेच उतरलेले असतात. मी सुरमई मागितली. तिनं भाव सांगितला. मी शेजारच्या क्रेटकडे असं पाहिलं, जसं काही माझं मूळ काम तिथंच होतं.

"हे काय आहे?"

"सुरमईच्या घरातलंच आहे दादा. घेऊन तर बघा."

आता 'सुरमईच्या घरातलंच' म्हटल्यावर मी अजून काय विचारायचं? आधार कार्ड मागायचं? मी मासे घेतले, घरी आलो आणि सांगितलं, सुरमईची धाकटी पाती आहे. माझी बायको सुवर्णा देवळ्याची. तिच्या माहेरी कांद्याचा व्यापार आहे. ती आजही म्हणते, "आमच्याकडं कांदा घेताना कुणाच्या चाळीतला, कधी काढला, पाणी किती दिलं, सगळं विचारतात. यांना माशाचं नाव विचारता आलं नाही."

पण त्या दुपारी ती असं काही म्हणाली नव्हती. तिनं काळ्या मसाल्याचा रस्सा केला, चार तुकडे तिखट-मीठ लावून खरपूस तळले. आई जेवायला बसली. पहिला तुकडा खाल्ला आणि गप्प झाली. दुसरा खाल्ला आणि डोळे मिटले. तिसऱ्याला म्हणाली, "सुवर्णे, काय चव हाय गं! बहात्तर वर्सं आपुन काय चिखल खाल्ला का?" चौथा तिनं न विचारता घेतला.

तेवढ्यात पुंजाराम अण्णा मीठ मागायला आले. आमच्याकडे मासे असले की अण्णांच्या घरातलं मीठ संपतं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, बाजूला काढलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "अरे वा! बांगडा."

आईचा घास हातातच राहिला.

"काय म्हनले?"

"बांगडा. छान आहे. रत्नागिरीला आम्ही रोज—" एवढं बोलल्यावर अण्णांना काशी आठवली. मीठ न घेताच ते घरी गेले.

आईनं हात धुतला, चूळ भरली, देवघरासमोर पाट मांडला आणि त्यावर बसली. "हा मासा कोण हाय, ते नक्की कळत नाय तवर मी अन्नाला शिवणार नाय."

"अगं आई, चुकून झालं."

"एक तुकडा चुकून व्हतो, जीवन. चार तुकडे चुकून व्हत नायत."

"आणि समजा निघाला बांगडाच, तर?"

"तर परत काशी. तू नेशील."

तिचे गुडघे गेलेले. मागच्या वेळी यात्रेहून आली तेव्हा जिना चढायला तिला दोन माणसं लागली होती. शिवाय रक्तदाबाची गोळी तिला जेवल्यावरच घ्यायची असते. जेवण नाही म्हणजे गोळी नाही. एकच गोष्ट मनाला आशा देणारी होती. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा तिचा आवाज ऐकू आला. ती सुवर्णाला हळूच विचारत होती, "आन नसंल तो बांगडा, तर चिंच घालून त्याचं कालवण बरं व्हईल का गं?"

म्हणजे माझी आई एका बाजूनं प्रायश्चित्ताची तयारी करत होती आणि दुसऱ्या बाजूनं कालवणाची. दोन्ही माझ्यावर अवलंबून होतं.

नशिबानं एक मासा फ्रीजरमध्ये अख्खा शिल्लक होता. मी मोबाईल उघडला आणि अभ्यासाला बसलो. वाचता वाचता कळलं की बांगडा हा एक मासा नाहीच, ते खानदान आहे. उबदार समुद्रात किनाऱ्याकिनाऱ्यानं थव्यांनी फिरणारे हे तीन भाऊ. एक आपला नेहमीचा, एक अंगानं रुंद, आणि एक सडपातळ, जो बेटांच्या बाजूला जास्त असतो. तिघंही पाठीवर निळे-हिरवे, पोटाला चांदीसारखे. मुख्य खूण तोंडात. नेहमीच्या बांगड्यानं आ केला की आत कल्ल्यांचे लांबलचक काटे पिसासारखे दिसतात. सडपातळ भावाचे काटे आखूड, ते असे दिसत नाहीत.

म्हटलं, एवढंच ना! तोंड उघडायचं आणि बघायचं.

फ्रीजरमधल्या माशाचं तोंड उघडत नाही. ते दगडासारखं होतं. तोपर्यंत अण्णा परत आले होते, पश्चात्तापानं आणि मीनाताईंना घेऊन. अण्णांनी शांतपणे सुचवलं की केस वाळवायचं यंत्र लावा. सुवर्णाचं यंत्र होतं. ती नको नको म्हणत असताना अण्णांनी माशाला गरम हवा दिली, आधी डावीकडून मग उजवीकडून, जसं काही मासा लग्नाला निघालाय. त्या यंत्राला आजही वास येतो. सुवर्णानं ते मला वाढदिवसाची भेट म्हणून दिलंय.

तोंड उघडलं. मी मोबाईलचा दिवा लावला. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं आत पाहिलं.

"पिसं आहेत," अण्णा म्हणाले.

"मला तर काहीच दिसत नाही," मीनाताई म्हणाल्या. "दात आहेत का ते?"

"मला बर्फ दिसतोय," सुवर्णा म्हणाली.

मला स्वतःला पिसं असल्यासारखी वाटत होती आणि नसल्यासारखीही वाटत होती. शेवटी मी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि जाणकारांनी मत द्यावं अशी नम्र विनंती केली. तिसऱ्या मजल्यावरच्या शाकाहारी मंडळींनी ताबडतोब निषेध नोंदवला. एकानं हात जोडलेले सहा इमोजी टाकले, का ते कळलं नाही. कुणीतरी मतदान ठेवलं, बांगडा 'आहे' की 'नाही'. त्यात सगळ्यात जास्त लोकांनी 'लिफ्ट कधी चालू होणार' असं विचारलं. एक ओळखपरेड करणारं ॲप उतरवलं, त्यानं माशाखालचं स्टीलचं ताट बिनचूक ओळखलं.

मीनाताईंनी त्यांच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, अजाणता घडलं तर दोष नाही. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "गुरुजींना चव कशी व्हती ते सांगितलं का? सांगा आन मंग इचारा."

सोमवारी तिचा उपास असतोच, त्यामुळे तो दिवस तसा हिशेबात निघून गेला. पण एरवी ती सोमवारी साबुदाणा खाते. या सोमवारी नुसता कोरा चहा घेतला.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. गाडीच्या ब्रेकचे सुटे भाग तपासणं हे माझं काम. भोक केसाएवढं वाकडं असलं तरी मला नुसत्या डोळ्यांनी दिसतं. अशा माणसानं माशाच्या तोंडात बघून 'असेल किंवा नसेल' म्हणावं, याची मला रात्रभर लाज वाटली. म्हणून सोमवारी सकाळी मी मासा डब्यात घालून कंपनीत नेला. इंटरनेटवर दुसरी खूणही होती: अंगाची लांबी भागिले अंगाची रुंदी. नेहमीचा बांगडा जरा गुबगुबीत, सडपातळ भाऊ जरा लांबट. मोजमापाचा विषय म्हणजे आपला विषय.

मशीनखालची प्लेट पुसली, प्लास्टिक पसरलं, मासा ठेवला आणि व्हर्निअर लावला. तर काय सांगू, माझ्या अख्ख्या नोकरीत इतका बेभरवशाचा माल मी पाहिला नाही. लोखंड कसं, आज मोजा, उद्या मोजा, तेवढंच भरतं. मासा जरा दाबला की बारीक व्हायचा आणि सोडला की फुगायचा. मी मोजलं ते वेगळं, माझ्या सहकाऱ्यानं मोजलं ते वेगळं. सगळ्याची सरासरी काढली आणि भागाकार केला. उत्तर नेहमीच्या बांगड्याच्या मर्यादेतही बसलं आणि सडपातळ भावाच्या मर्यादेतही बसलं. दोन्हीकडून पास! असा भाग आमच्याकडे आला असता तर मी ड्रॉइंग काढणाऱ्याला जाब विचारला असता.

तेवढ्यात मॅनेजरांचं बोलावणं आलं. त्यांना विचारायचं होतं की कारखान्यात कोळीवाड्याचा वास का येतोय. मी म्हटलं, साहेब, मशीनचं कूलंट बदलायला झालंय. ते म्हणाले, बदला. परत आलो तर प्लेटवर मासा नाही.

स्टोअरचे गेणूभाऊ समोरच उभे होते.

"गेणूभाऊ, इथला मासा कुठाय?"

"स्क्रॅपला टाकला साहेब. गाडी आली होती, गेली."

"स्क्रॅपला? का?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं लाल अक्षरांत पाटी होती: 'ज्या मालावर टॅग नाही तो माल नापास समजून तात्काळ हलवावा.' खाली माझी सही होती.

"अहो, पण तो मासा होता!"

"हो साहेब. पण त्याच्यावर टॅग नव्हता."

या नियमाबद्दल मला मागच्या वर्षी नारळ आणि शाल मिळाली होती.

घरी आलो तर आई पाटावर भिंतीला टेकून बसलेली. चेहरा उतरला होता. "कळलं का रे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तपासणी चालू आहे." मासा कुठं आहे ते सांगितलं नाही. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "घाई करू नको. नीट तपास. नाहीतर उगाच नाही निघायचा आन निघायचा." याचा अर्थ मला नीट लागला नाही, पण तिचा हात हातात घेतला तर तो थंड होता. मग मला खरंच भीती वाटली. विनोद बाजूला, माझी म्हातारी एका माशापायी वाळत चालली होती आणि मी प्लेट पुसत होतो.

मंगळवारी रजा टाकली आणि राखीकडे गेलो.

"राखीताई, रविवारी मला दिलेला तो मासा नक्की कुठला होता? बांगडा होता का?"

तिनं माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्हाला कसा पाहिजे दादा? बांगडा पाहिजे असला तर बांगडा आहे. नको असला तर नाही."

"मला खरं पाहिजे."

"खरंच सांगते. गिऱ्हाईक म्हणेल ते."

म्हटलं, इथं वेळ घालवण्यात अर्थ नाही, नमुना घ्यावा. पण नमुना त्याच लॉटचा पाहिजे, नाहीतर निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. मी म्हणालो, "त्यातलाच एक द्या. रविवारचा."

"आज सकाळचा ताजा माल आहे दादा."

"ताजा नको. शिळा द्या. रविवारचाच पाहिजे."

बाई भडकली. "ओ दादा! इतकी वर्षं बसते इथं. राखीकडं शिळा मासा नसतो, कुणालाही विचारा!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी माफी मागून वळलो, तर मागून हळू आवाज आला, "किती पाहिजे?" क्रेटच्या क्रेट होता तिच्याकडे, बर्फाखाली. माझ्याशिवाय कुणी घेतलाच नव्हता.

मासा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातला आणि एका सरकारी कचेरीत गेलो. माशांचीच कचेरी होती. कुठली ते सांगत नाही, माणसं चांगली होती. टेबलावरच्या साहेबांनी डबा पाहिला, आइस्क्रीम समजून हसले, उघडला, आणि हसणं थांबवलं.

"गोड्या पाण्यातला का?"

"नाही, समुद्रातला."

"मग आमच्याकडं नाही. आमच्याकडं धरणं आणि शेततळी. समुद्र आपल्या जिल्ह्यात येत नाही."

"साहेब, समुद्र येत नाही हे मला माहीत आहे. पण मासा आलाय."

"तक्रार काय आहे? विषबाधा झाली?"

"नाही."

"पोट बिघडलं? वजनात मारलं?"

"नाही."

"मग झालं काय?"

"आईनं खाल्ला आणि तिला आवडला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी त्यांना काशीपासून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता शेजारच्या टेबलावरचे दोघं खुर्च्या ओढून आले. एकाच्या आजीनं काशीला फणस सोडला होता आणि नंतर घरच्यांना प्रश्न पडला होता की गरे धरायचे का नाही. त्यावर अर्धा तास चर्चा झाली. आठळ्या वेगळ्या, असं ठरलं. शेवटी साहेबांनीच सुचवलं की एका कॉलेजात मनीषा मॅडम आहेत, त्या माशांचंच शिकवतात, त्यांच्याकडे जा.

मनीषा मॅडमनी डबा उघडला आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की नातवाचा फोटो दाखवला असता तरी फुलला नसता.

"अय्या! कुठं मिळाला हा?"

"पाथर्डी फाट्याला."

"अहो, समुद्र विचारतेय मी, कुठला?"

समुद्राचं नाव मी विचारलं नव्हतं. सुवर्णा तिथं नव्हती म्हणून वाचलो. मॅडमनी मासा हातात घेतला, पाठीवरचे ठिपके बघितले, कल्ला उचलून आत डोकावल्या, "हं" म्हणाल्या. मी कंपनीतली मोजमापं सांगितली, तर म्हणाल्या, "अहो, मऊ पडलेला मासा असा मोजतात होय?" वीस वर्षांचा अनुभव आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी सांगत बसायचं नसतं.

"हा बांगडा आहे का, एवढंच सांगा मॅडम. आई जेवत नाहीये."

"घाईनं सांगितलं तर चुकेल. मला काटे मोजायचे आहेत, आणि किनाऱ्यावरच्या एका मैत्रिणीला फोटो पाठवते. संध्याकाळी फोन करते. आईंना म्हणावं थोडा दम धरा."

संध्याकाळी घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. चपला तुडवतच आत धावलो. आई पाटावर होती, शुद्धीवर होती, पण उठायला गेली तेव्हा तिला घेरी आली होती म्हणून सुवर्णानं सगळ्यांना बोलावलं होतं. मीनाताई वारा घालत होत्या. अण्णा शांत होते. तिसऱ्या मजल्यावरचे शाकाहारीसुद्धा आले होते, ताक घेऊन.

सुवर्णाचे डोळे भरले होते. "आई, बास झालं आता. बांगडा असो नाहीतर देवमासा असो, पाप लागलं तर मला लागू दे. शिजवला मी. तुम्ही दोन घास खा आणि गोळी घ्या."

आईनं हात वर केला. सगळे थांबले.

"ऐका," ती म्हणाली. "दोन दिस बसून मी इचार केला. काशीला मी देवाला फशिवलं. जी वस्तू कधी जिभेला लावली नाय, तीच सोडली. ते काय सोडणं झालं? दुसऱ्याच्या मळ्यातली फुलं तोडून देवाला वाहयची आन पुण्य आपुन घ्यायचं. देवानं गंमत बघितली. त्यानंच माझ्या ताटात आणून वाढला. म्हनला, आता चव घे, आन मंग सोडून दाखव." ती जरा थांबली. "खाल्ला. लय आवडला, खोटं कशाला बोलू. झोपंत पण त्याचाच वास येतोय. आन आता मी सोडते. बांगडा मी आज सोडला. आता खरा सुटला."

मीनाताईंनी वाकून आईच्या पायावर डोकं ठेवलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला. ही बाई भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडते, आणि तिनं देवाशी केलेला सौदा स्वतःहून फिरवला होता, आपल्या तोट्यात. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी सगळ्यांसमोर तिच्या पाया पडलो. शाकाहारी मंडळींपैकी एकानं फोटो काढला.

सुवर्णानं धावत जाऊन गरम पिठलं आणि बाजरीची भाकरी आणली. आईनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, घास उचलला.

आणि माझा फोन वाजला.

मनीषा मॅडम होत्या. सगळे ऐकायला टपलेले, म्हणून मी स्पीकर लावला.

"अहो, आनंदाची बातमी! हा आपला नेहमीचा बांगडा नाहीच. मैत्रिणीचंही तेच मत पडलं. काटे आखूड आहेत. तो सडपातळवाला आहे, आपल्याकडे क्वचितच येतो."

घास हातात धरून आईनं विचारलं, "त्याचा कोण लागतो तो?"

"कुणाचा? बांगड्याचा? तसा भाऊच म्हणा ना."

आईचा चेहरा पडला. "सख्खा?"

मॅडम जरा गोंधळल्या. "सख्खा असं नाही... चुलत म्हणता येईल."

"चुलत!" आई ताठ बसली. आमच्या मखमलाबादच्या मळ्याचा बांध चुलत्यांबरोबर अजून कोर्टात आहे. "मंग सातबारा येगळा?"

"काय म्हणाल्या?"

"प्रजाती वेगळी का, असं विचारतेय ती," मी म्हणालो.

"हो हो. अगदी पूर्ण वेगळी."

मी फोन ठेवला. खोलीतली माणसं आईकडे बघत राहिली. अण्णा अतिशय शांतपणे म्हणाले, "पण रंगूबाई, आत्ताच आपण एवढं सगळं..."

"बांगडा सोडला अण्णा. समद्यांच्या समोर सोडला. त्यात काय फरक पडत नाय." आईनं उचललेला घास पुन्हा ताटात ठेवला आणि ताट सुवर्णाकडे सरकवलं. "सुवर्णे, हे पिठलं झाकून ठेव. चिंच भिजत घाल. जीवन, राखी उठायच्या आत गाडी काढ."